वानरांचें उतारवय आणि आपलें

आयुष्याचे चार आश्रम कल्पून प्रत्येकाचा धर्म आमच्या पूर्वजांनीं वेगळा सांगितला. अंगावर सुरकुत्या पडल्या, केंस पांढरे झाले आणि नातवंडाचें मुख दृष्टीस पडलें, म्हणजे गृहस्थानें वनाची वाट धरावी, असा मनूचा दंडक आहे. हा दंडक अक्षरशः पाळणारे गृहस्थ पूर्वीहि थोडेच असतील. परंतु त्यामागील निरीक्षण मार्मिक आहे. वय नुसतें वर्षांवरून न मोजतां शरीरांत होणाऱ्या पालटावरून ओळखावें, असें त्यांत गृहीत धरलें आहे. हा पालट कोण घडवून आणतो, तो केवळ मनुष्याच्या वांट्यास आला आहे कीं अरण्यांतील आपल्या दूरच्या भाईबंदांसहि चुकलेला नाहीं, आणि त्यांच्याकडे पाहून आपल्याच घरांतील माणसांविषयीं कांहीं समजण्यासारखें आहे काय, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत आम्ही करणार आहों. आमच्या वाचकांपैकीं ज्या भगिनी चाळिशीच्या पुढें गेल्या आहेत, त्यांच्याशीं या विषयाचा संबंध फार जवळचा आहे. आणि त्यांच्या घरच्या पुरुषमंडळींनीं तर हा लेख अवश्य वाचावा, अशी आमची विनंति आहे.

शरीरांतील दूत

आपल्या शरीरांत कांहीं ग्रंथि अशा आहेत कीं, त्यांचा रस नळीवाटे बाहेर न पडतां थेट रक्तांत मिसळतो आणि रक्ताबरोबर देहभर फिरून दूरच्या अवयवांस आज्ञा पोंचवितो. या रसांस १९०५ सालीं लंडन येथील शरीरशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनीं ‘हार्मोन’ असें नांव दिलें. मराठींत आपण त्यांस अंतःस्राव किंवा संप्रेरकें म्हणतों. मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी पिट्युइटरी नांवाची ग्रंथि आहे. तिच्याकडून एफ्. एस्. एच्. व एल्. एच्. हे दोन दूत निघतात आणि स्त्रीच्या बीजकोशाकडे जातात. त्यांची आज्ञा मिळतांच बीजकोश एक बीज पक्व करण्याच्या उद्योगास लागतो व ‘काम चाललें आहे’ अशी पोंच म्हणून इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरोन हीं आपलीं संप्रेरकें रक्तांत सोडतो. ही पोंच मिळाली म्हणजे पिट्युइटरी आपला तगादा आंवरतें घेते. दर महिन्याचा ऋतु या देवाणघेवाणीवरच चालतो. हा पत्रव्यवहार वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. कारण उतारवयाची सर्व हकीकत पुढें त्यावरच सांगावयाची आहे.

या रसांचा शोध लागतांच मनुष्याच्या मनांत पहिली इच्छा उत्पन्न झाली ती ज्ञानाची नव्हे, तारुण्याची! १८८९ सालीं पॅरिसमधील ब्राउन-सेकार या नामांकित पंडितानें वयाच्या ७२ व्या वर्षीं कुत्र्याच्या व गिनीपिगच्या वृषणांचा अर्क आपल्या अंगांत टोंचून घेतला आणि आपणांस नवा जोम आला, असें विद्वत्सभेपुढें सांगितलें. त्यापुढें एक पाऊल टाकलें सर्ज व्होरोनॉफ या शस्त्रवैद्यानें. १९२० सालच्या जून महिन्यांत पॅरिस येथें त्यानें माकडाच्या वृषणग्रंथीचे काप मनुष्याच्या अंगांत कलम केले, आणि पुढें कित्येक धनिक वृद्ध त्याच्या दारीं गर्दी करूं लागले. परक्या प्राण्याचें मांस शरीर स्वीकारीत नाहीं, तें नासून नाहींसें होतें. त्यामुळें आलेलें तारुण्य हें रुग्णाच्या विश्वासापलीकडे फारसें कांहीं नव्हतें. ययातीनें तारुण्य मागितलें तें निदान आपल्या पुत्राजवळ आणि त्याच्या संमतीनें. पॅरिसच्या या ययातींनीं तें मुक्या माकडापासून हिसकून घेतलें आणि त्यांच्या हातीं कांहीं लागलेंहि नाहीं.

निरीक्षणाचा मार्ग

माकडें, चिंपांझी, गोरिला आणि मनुष्य ह्या सर्वांचा मिळून प्राणिशास्त्रांत एक गण मानितात. त्यास नरवानरगण म्हणतात. या गणांतील प्राण्यांची ग्रंथि न घेतां केवळ त्यांचें आयुष्य न्याहाळून जें समजलें, तें व्होरोनॉफच्या सर्व खटाटोपापेक्षां किती तरी मोलाचें आहे.

या कामीं प्रथम उपयोगी पडलें तें आपल्याकडील माकड. मथुरा-काशीकडे देवळांच्या आवारांत जें तांबड्या तोंडाचें माकड यात्रेकरूंच्या हातांतील प्रसाद पळवितें, त्यास शास्त्रांत ‘ऱ्हीसस’ म्हणतात. १९३८ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञ क्लॅरन्स कार्पेंटर यांनीं हिंदुस्थानांतून अशीं चारशेंहून अधिक माकडें जहाजानें नेऊन पोर्टो रिकोजवळच्या कायो सांतियागो या लहानशा बेटावर सोडलीं. त्यांचे वंशज आजहि तेथें मोकळे नांदतात आणि त्यांच्या पिढ्यांची नोंद ठेविली जाते. प्रयोगशाळांसाठीं पुढें तर या माकडांची निर्यात इतकी वाढली कीं, शेवटीं १९७८ सालीं भारत सरकारनें ती बंद केली. या माकडिणीचें ऋतुचक्र साधारण २८ दिवसांचें, म्हणजे जवळजवळ मनुष्यस्त्रीइतकेंच असतें. म्हणूनच ऋतूविषयीं व उतारवयाविषयीं पुष्कळसें ज्ञान तिच्यापासून मिळालें.

अरण्यांतील चिंपांझींचें रक्त घेणें शक्य नाहीं आणि तसें करणें योग्यहि नाहीं. त्यावर संशोधकांनीं काढलेली युक्ति साधी आहे. पहाटे चिंपांझी झाडावरील आपल्या शय्येवरून उठले, कीं खालीं उभा राहिलेला मनुष्य काठीच्या टोंकास बांधलेल्या पिशवींत त्यांचें मूत्र झेलतो, अथवा पानांवर पडलेले थेंब नळीनें टिपून घेतो. तें गोठवून ठेवितात व पुढें तपासतात. रक्तांतील संप्रेरकांची वार्ता मूत्रांत उतरतेच. त्यामुळें प्राण्यास हात न लावतां वर्षानुवर्षें त्याच्या अंतःस्रावांचा हिशेब ठेवतां येतो.

चढतें वय

हा हिशेब जन्मापासूनच पाहण्यासारखा आहे. मूल जन्मल्यावर पहिले कांहीं महिने त्याच्या रक्तांत तारुण्याचीं संप्रेरकें वाढलेलीं असतात. ऱ्हीससच्या पिल्लांतहि हेंच दिसतें. नंतर हीं सर्व संप्रेरकें निद्रिस्त होतात, तीं वयांत येण्याच्या वेळींच जागीं होतात. ऱ्हीसस मादी तिसऱ्या वर्षाच्या सुमारास वयांत येते. रानांतील चिंपांझी मादीस पहिलें अपत्य साधारण तेराव्या ते पंधराव्या वर्षीं होतें. मनुष्याचें बालपण त्याहून लांब आहे; आणि शिकण्यासाठीं मिळालेला हा दीर्घ अवधि हेंच मनुष्याचें खरें भांडवल होय.

मूत्रपिंडांवर टोपीप्रमाणें बसलेल्या अॅड्रेनल ग्रंथींची गोष्ट यांत विशेष मौजेची आहे. डी. एच्. ई. ए. नांवाचें त्यांचें एक संप्रेरक मुलांच्या शरीरांत साधारण सहाव्या ते आठव्या वर्षीं वाढूं लागतें. आमच्याकडे आठव्या वर्षीं मुंज करून मुलास गुरूकडे पाठविण्याचा प्रघात होता, त्याच सुमाराचें हें वय. मुलाच्या शरीरांत हा नवा पालट त्याच वेळीं होत असतो, हा योगायोग खरोखर चिंतनीय आहे. चिंपांझींतहि बालपणींच हें संप्रेरक वाढतें. ऱ्हीससमध्यें मात्र तें जन्माच्या सुमारास भरपूर असून नंतर उतरत जातें. मनुष्यांत विशीच्या ऐन भरांत त्याचा कळस होतो आणि सत्तरी-ऐंशीपर्यंत तें पांचव्या-दहाव्या हिश्शावर येतें.

न्गोगोच्या अरण्यांत

आतां मुख्य विषयाकडे वळूं. स्त्रीच्या बीजकोशांतील बीजांची पुंजी जन्मतःच ठरलेली असते. ही अशी ठेव आहे कीं जींत पुढें भर पडत नाहीं, फक्त खर्च होत राहतो. जन्मवेळीं १० ते २० लाख बीजें असतात. वयांत येईपर्यंत ३ ते ४ लाख उरतात. त्यांपैकीं जेमतेम ४०० पक्व होऊन बाहेर पडतात, बाकीचीं आपोआप झडतात. पुंजी हजाराच्या घरांत आली कीं व्यवहार थांबतो. बीजकोशाकडून पोंच येईनाशी होते. पिट्युइटरीस वाटतें, आपली आज्ञा पोंचलीच नाहीं. म्हणून ती तगाद्यावर तगादे पाठविते. एफ्. एस्. एच्. व एल्. एच्. यांचें प्रमाण चढत जातें. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरोन उतरत जातात. हीच रजोनिवृत्ति.

ऱ्हीसस माकडिणीस ती २५ व्या वर्षाच्या आसपास येते. परंतु पाळलेल्या स्थितींतहि बहुतेकींचें आयुष्य तितकेंच असल्यामुळें निवृत्ति आणि मृत्यु जवळजवळ हातांत हात घालूनच येतात. त्यावरून पुष्कळ काळ असा समज होता कीं, ऋतु थांबल्यावरहि वर्षानुवर्षें जगणें हा भूचरांत केवळ मनुष्यस्त्रीचा विशेष आहे. समुद्रांतील कांहीं दंतुर देवमाशांच्या माद्या मात्र या बाबतींत तिच्या सोबतिणी ठरल्या होत्या.

या समजुतीस २०२३ सालीं मोठा धक्का बसला. युगांडा देशाच्या पश्चिमेस किबाले नांवाचें राखीव अरण्य आहे. त्यांतील न्गोगो येथील चिंपांझींच्या समुदायाचें निरीक्षण १९९५ पासून अखंड चालू आहे. ब्रायन वुड व त्यांचे सहकारी यांनीं १९९५ ते २०१६ पर्यंतच्या काळांतील १८५ माद्यांची जन्म-मृत्यूंची नोंद तपासली आणि १४ ते ६७ वर्षें वयाच्या ६६ माद्यांच्या मूत्राचे ५६० नमुने परीक्षिले. तिशीनंतर त्यांची अपत्यें कमी होत गेलीं आणि पन्नाशीनंतर एकीसहि अपत्य झालें नाहीं. नमुन्यांत आढळलें तें थेट मनुष्यस्त्रीचेंच चित्र: वरचे दोन दूत चढलेले, बीजकोशाचीं संप्रेरकें उतरलेलीं. तरीहि या माद्या जगत होत्या. तारुण्यांत पोंचलेल्या मादीच्या पुढील आयुष्याचा सुमारें पांचवा हिस्सा निवृत्तींत जातो, असा हिशेब निघाला.

यावरून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होते. रजोनिवृत्ति हा सुधारलेल्या राहणीचा दोष नव्हे, शहरी जीवनाचा रोग नव्हे, कीं कोणा एका बाईच्या प्रकृतीचें वैगुण्य नव्हे. पन्नाशीच्या आंत बीजांची पुंजी संपणें ही मनुष्याची व चिंपांझींची सामाईक वडिलोपार्जित मिळकत आहे. फरक आहे तो एवढाच, कीं पुंजी संपल्यानंतर किती वर्षें जगावयास मिळतें.

आजी कशासाठीं?

मग सृष्टीनें ही पुढील वर्षें दिलीं तरी कशासाठीं? नवें अपत्य होणार नसेल, तर नुसत्या जगण्यानें वंशास लाभ काय? यास मिळालेलें एक उत्तर आमच्या वाचकांस मनापासून पटेल. टांझानिया देशांत हाडझा नांवाचे लोक शिकार व कंदमुळें यांवर निर्वाह करतात. क्रिस्टन हॉक्स यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेथें राहून पाहिलें, तों टणक जमिनींतून कंद उकरून आणण्याच्या कष्टांत म्हाताऱ्या बायका सर्वांच्या पुढें! लेकीच्या कडेवर तान्हें मूल आलें, म्हणजे त्याच्या मागच्या भावंडांच्या पोटास आजी घालते. त्यामुळें लेकीस दुसरें मूल लवकर होऊं शकतें आणि पहिलें जगतें. १९९८ सालीं त्यांनीं हा विचार सविस्तर मांडला. पुढें फिनलंड व कॅनडा येथील जुन्या चर्चनोंदींवरूनहि असें दिसून आलें, कीं पन्नाशीनंतर बाई जितकीं अधिक वर्षें जगली, तितकीं तिचीं नातवंडें वाढलीं. दर दहा वर्षांस सुमारें दोन, असें तें प्रमाण होतें.

परंतु न्गोगोच्या माद्यांस हें उत्तर लागू पडत नाहीं. चिंपांझींत लेक वयांत आली, कीं बहुधा दुसऱ्या समुदायांत निघून जाते. आपल्याकडे मुलगी सासरीं जाते तशीच, पण माहेरपणास परत न येण्यासाठीं. आजीस लेकीचीं मुलें दिसतच नाहींत, आणि मुलाचीं कोणतीं तें तिला ठाऊक असण्याचा फारसा संभव नाहीं. तेव्हां शास्त्रज्ञांनीं दुसरीं कारणें सुचविलीं आहेत. एक असें, कीं वय वाढत जाईल तसतसे समुदायांत तिचे पुत्र-पौत्र वाढत जातात. अशा वेळीं तिनें स्वतः आणखी पिलें घातलीं, तर त्याच फळांसाठीं तिचीं व तिच्या नातवंडांचीं भांडणें होतील. त्यापेक्षां थांबणें बरें. दुसरें कारण अगदीं साधें: न्गोगोस फळांची समृद्धि आहे आणि तेथील बिबटे पूर्वींच नाहींसे झाले आहेत. भय टळलें व अन्न मिळालें, म्हणजे आयुष्य वाढतें आणि एरव्हीं कोणाच्या दृष्टीस न पडणारी निवृत्ति दिसूं लागते. या दोहोंपैकीं कोणतें खरें, याचा निकाल अद्याप लागावयाचा आहे.

आम्हांस यांत जें महत्त्वाचें वाटतें तें असें. निवृत्ति ही निसर्गाची देणगी दोघींसहि सारखीच मिळाली. पण तिचा उपयोग मनुष्यस्त्रीनें केला. चिंपांझींची वृद्धा आपल्यापुरती जगते. मनुष्याची वृद्धा नातवंडास भरविते, सुनेचें बाळंतपण करते आणि पिढीची आठवण पुढील पिढीच्या हवालीं करते. आजी ही केवळ शरीराची घटना नसून मनुष्यानें निर्माण केलेली एक संस्था आहे.

पुरुषांविषयीं दोन शब्द

पुरुषांस असा ठळक थांबा नाहीं. त्यांचें टेस्टोस्टेरोन तिशी-चाळिशीपासून दरसाल साधारण शेंकडा एक या मंदगतीनें उतरतें. पण हा उतारहि सर्वत्र सारखा नाहीं. अमेरिका, काँगो, नेपाळ व पराग्वे येथील पुरुषांची २००२ सालीं तुलना झाली. तेव्हां म्हातारपणीं सर्व जवळपास सारखेच आढळले. अंतर होतें तें तरुणपणीं, आणि त्यांत अमेरिकन सर्वांत वरचे. अर्थात् जो उंचावर चढला, त्यासच उतार मोठा. भरपूर खाणें व थोडे श्रम यांनीं तारुण्यांतील आंकडा फुगतो, म्हणून पुढची घट ही सर्वस्वीं वयाचीच करणी मानतां येत नाहीं.

कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचा प्रकार निराळा आहे. किबालेमधीलच कान्यावारा येथील चिंपांझींवरून २०२० सालीं असें प्रसिद्ध झालें, कीं वयाबरोबर त्यांचें कॉर्टिसॉल वाढत जातें. मनुष्यांतहि तसेंच आढळतें. यंदांचें संकट मोठें नसलें तरी म्हातारपणीं तें जड वाटतें, याचें कारण कांहीं अंशीं तरी शरीरांतच आहे. वृद्ध माणसाच्या काळजीस ‘उगाच’ म्हणून झिडकारणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

घरांत काय करावें?

आमच्या आज्यांच्या पिढींत सोवळें कडक पाळणाऱ्या घरीं विटाळ गेलेल्या बाईस देवघर व स्वयंपाकघर महिनाभर मोकळें होई आणि घरांत तिचा अधिकार वाढे. हा मान खरा. पण त्या अवस्थेंत जो त्रास तिला होई, त्यास नांव नव्हतें. अंगांत एकाएकीं वाफ उठते, दरदरून घाम सुटतो, रात्रीं झोंप मोडते, क्षुल्लक कारणानें डोळ्यांस पाणी येतें. ‘उष्णता झाली’ म्हणून गुलकंद व सब्जा दिला, कीं उपचार संपला. आणि स्वभाव चिडखोर झाला, हा शिक्का मात्र कायमचा बसला. आजहि सुशिक्षित घरांत हीच स्थिति थोडीफार आढळते. मुलाच्या ज्वराचे अंश दोन तासांनीं मोजणाऱ्या आईस स्वतःची झोंप तीन महिने कां लागत नाहीं, हें कोणी विचारीत नाहीं, आणि तीहि सांगत नाहीं.

आपल्या देशांत ही अवस्था बहुधा चाळिशीच्या उत्तरार्धांत येते. ऋतु अनियमित होऊं लागल्यापासून तो थांबेपर्यंत कांहीं वर्षें जातात, आणि सलग बारा महिने तो न आल्यावरच निवृत्ति पूर्ण झाली असें समजतात. त्यानंतर जर पुन्हां रक्त दिसलें, तर तें ‘परत आलें’ असें समजून स्वस्थ बसूं नये. विलंब न करतां डॉक्टरांस दाखवावें, कारण त्यामागें क्वचित् गर्भाशयाचा गंभीर विकार असूं शकतो. इस्ट्रोजेन उतरलें, म्हणजे हाडें वेगानें ठिसूळ होतात. म्हणून दूध-दहीं, नाचणी, तीळ यांचें सेवन, सकाळचें ऊन आणि रोजचें चालणें यांस या वयांत औषधाइतकेंच मोल आहे. घरांतल्या घरांत दिवसभर उभें राहणें म्हणजे व्यायाम नव्हे, हेंहि सांगितलें पाहिजे.

औषधरूपानें संप्रेरकें घ्यावीं काय, हा प्रश्न पुष्कळजणींच्या मनांत येतो. १९४० नंतर पाश्चात्य देशांत त्यांचा प्रसार फार झाला. पुढें २००२ सालीं अमेरिकेंतील एका मोठ्या परीक्षणांत स्तनाचा कर्करोग व रक्ताच्या गांठी यांचा धोका वाढलेला दिसल्यावर सर्वांनीं एकदम हात आंखडला. आज वैद्यकाचें मत या दोन टोंकांच्या मधें आहे. त्रास फार असेल, वय साठीच्या आंत असेल आणि पूर्वीचा कांहीं विकार नसेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीं तीं घेतां येतात. सरसकट नव्हे आणि आपल्या मनानें तर मुळींच नव्हे. तारुण्य परत आणण्यासाठीं तीं नाहींत. व्होरोनॉफच्या दारावरची गर्दी आज जाहिरातींच्या रूपानें पुन्हां जमूं लागली आहे, तिच्यापासून सावध राहावें.

पुरुषवाचकांस आमचें सांगणें थोडक्यांत असें. पत्नीचा अथवा आईचा स्वभाव अलीकडे बदलला आहे, असें तुम्हांस वाटलें, तर प्रथम तिची झोंप कशी आहे तें विचारा. स्वयंपाकाचा भार कांहीं दिवस वाटून घ्या. डॉक्टरांकडे जातांना बरोबर जा. आणि भगिनींनीं हें मनाशीं पक्कें बाळगावें, कीं जें आपल्या अंगांत घडत आहे तें लाज वाटण्यासारखें नाहीं, शिक्षाहि नाहीं. युगांडाच्या अरण्यांतील एखादी वृद्ध मादी तोच पालट मुकाट्यानें सोशीत असेल, कारण तिला बोलतां येत नाहीं. आपल्याला येतें.